पाच लाखांची सूट आणि सासऱ्यांचे तीस लाख

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो आणि चिंचवडला भाड्याच्या घरात राहतो. पुनावळ्यात एका चौदा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावरचा टू बीएचके पसंत पडलाय. कार्पेट ७२० चौरस फूट, किंमत ७८ लाख, कर वेगळे. महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) नंबर आहे, जोत्यापर्यंत काम झालंय, ताबा तीन वर्षांनी. विक्री कार्यालयाने तीन पर्याय दिलेत. पहिला : बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे, ७८ लाख. दुसरा : ९० टक्के ४५ दिवसांत भरा, मग ७३ लाखांत घर. तिसरा : २० टक्के आत्ता, ८० टक्के ताब्याला, किंमत साडेऐंशी लाख. करार करण्याआधी २० टक्के भरावे लागतील असंही ते म्हणतात. शेजारच्या जागेत त्यांचाच दुसरा टॉवर येतोय. त्याला अजून रेरा नंबर नाही, पण एक लाख भरून नाव नोंदवलं तर फुटामागे चारशे रुपये कमी लावणार आहेत. आमची बचत २७ लाख आहे आणि साधारण ६२ लाखांपर्यंत कर्ज मिळेल. सासरे नुकतेच निवृत्त झाले. त्यांचे ३० लाख मुदत ठेवीत आहेत आणि दुसऱ्या पर्यायासाठी ते स्वतःहून द्यायला तयार आहेत. गेल्या रविवारी ५१ हजारांचं टोकन दिलं, अलॉटमेंट लेटरही मिळालं. काय करावं? आणि एवढी सूट त्याला परवडते तरी कशी?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी सल्ला सांगतो. पहिला पर्याय घ्या. सासऱ्यांच्या ठेवीला हात लावू नका. शेजारच्या टॉवरला एक रुपयाही देऊ नका. करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे द्यायचे नाहीत, रेरा कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. तुमच्या बाबतीत ही मर्यादा ७ लाख ८० हजार होते आणि दिलेलं टोकनही त्यातच धरायचं. पहिल्या पर्यायातही सही करण्याआधी काही गोष्टी तपासायच्या आहेत, त्या पुढे येतीलच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सूट परवडते कशी. त्यासाठी बिल्डरचा पैसा कसा फिरतो ते बघावं लागेल. हिशेब समजावा म्हणून एक प्रकल्प धरू : १५० फ्लॅट, सरासरी ८० लाख, म्हणजे एकूण विक्री १२० कोटी. त्यातले ३० कोटी जमिनीचे, ५० कोटी प्रत्यक्ष बांधकामाचे, ११ कोटी प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क), टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणि परवानग्यांचे, ८ कोटी व्याजाचे, ५ कोटी जाहिरात आणि चॅनल पार्टनरच्या दलालीचे, ४ कोटी ऑफिस-पगाराचे. उरले १२ कोटी, तो नफा. आकडे प्रकल्पागणिक बदलतील, पण रचना साधारण अशीच असते.

यातली अडचण वेळेची आहे. जमिनीचे आणि परवानग्यांचे पैसे आधी लागतात, ग्राहकाचे नंतर येतात. जमीन घेण्यासाठी बिल्डरला बँक कर्ज देऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेची तशी मनाई आहे. त्यामुळे तो पैसा स्वतःचा, भागीदारांचा, नाहीतर वित्त कंपन्या आणि गुंतवणूक फंडांकडून चढ्या व्याजाने आणलेला असतो. पुण्याच्या कडेला, म्हणजे पुनावळे, ताथवडे, रावेत, मोशी, वाघोली, मांजरी या पट्ट्यात, जमीन विकत न घेता शेतकरी कुटुंबाशी विकसन करार करायची पद्धत रुळलेली आहे : मालकाला विक्रीच्या रकमेत टक्केवारी किंवा तयार फ्लॅटमध्ये वाटा. त्यात बिल्डरचे सुरुवातीचे पैसे वाचतात, पण मालकाला ठेव द्यावी लागतेच. बँकेचं बांधकाम कर्ज येतं ते परवानग्या झाल्यावर, आणि तेही टप्प्याटप्प्याने. उरलेली सगळी भिस्त तुमच्यासारख्यांच्या हप्त्यांवर. ठरल्या वेगाने फ्लॅट विकले गेले नाहीत तर स्लॅब टाकायला पैसे नसतात, आणि स्लॅब पडला नाही तर आधीच्या ग्राहकांकडे पुढचा हप्ता मागता येत नाही. बहुतेक रखडलेल्या इमारती या चक्रात अडकलेल्या असतात.

म्हणून बिल्डरला आत्ता हातात येणारा रुपया फार मोलाचा. बाहेरून आणायचा तर तुमच्या गृहकर्जापेक्षा बराच महाग पडतो. तुमच्याकडून घेतला तर काय भाव पडतो ते काढू.

महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारात हप्त्यांच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत. एकूण किमतीपैकी करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, पोडियमसह सगळे स्लॅब झाल्यावर ७०. आतल्या भिंती, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. संडास-बाथरूमची फिटिंग, जिने, लॉबी झाली की ८०. बाहेरचा गिलावा, नळजोडणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की ८५. लिफ्ट, पंप, वीज झाली की ९५. शेवटचे ५ टक्के ताबा घेताना, तेही भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची महापालिकेची परवानगी) आल्यावर.

तुमचं जोतं झालंय, म्हणजे पहिल्या पर्यायात आत्ता जास्तीत जास्त ३५ लाख १० हजार देणं लागतं. दुसऱ्या पर्यायात ७३ लाखांचे ९० टक्के, म्हणजे ६५ लाख ७० हजार. फरक ३० लाख ६० हजारांचा, सासऱ्यांच्या ठेवीएवढाच. हे तीस लाख तुम्ही वेळेच्या आधी देणार आणि त्या बदल्यात एकूण पाच लाख वाचणार. महिन्याला एक याप्रमाणे सोळा स्लॅब, नंतरची कामं, छत्तिसाव्या महिन्यात ताबा असं धरून हिशेब केला तर तुमच्या जादा पैशांवर वर्षाला पावणेबारा टक्क्यांच्या आसपास परतावा पडतो. ‘सूट’ म्हणतात ती हे व्याज. तुम्ही बिल्डरला तीस लाखांचं कर्ज देताय आणि तो ते घराच्या किमतीतून फेडणार आहे.

पावणेबारा टक्के ठेवीपेक्षा नक्कीच बरे दिसतात, आणि सासऱ्यांना मोह पडणं साहजिक आहे. पण असं कर्ज देणारा दुसरा कोणी काय मागतो ते बघा. बँक किंवा वित्त कंपनी बिल्डरला पैसे देताना जमीन आणि न विकलेले फ्लॅट गहाण घेते, विक्रीच्या रकमेवर हक्क लिहून घेते, अनेकदा मालकांची वैयक्तिक हमीही घेते. एवढं करून ती तुमच्यापेक्षा जास्त व्याज लावते. तुम्ही तेच काम विनातारण करणार. २०१८च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना दिवाळखोरी कायद्यात वित्तीय धनको, म्हणजे कर्ज देणारे, मानलं गेलं, हे चांगलं झालं. पण तारण असलेल्या धनकोची जागा तुम्हाला त्यातून मिळत नाही. आणि २०२० पासून अशी कारवाई सुरू करायलासुद्धा प्रकल्पातले शंभर जण किंवा एकूण ग्राहकांच्या दहा टक्के, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे जण एकत्र यावे लागतात.

काम अर्ध्यात थांबलं तर काय होतं तेही मांडून बघा. समजा आठव्या स्लॅबला गाडं अडलं. पहिल्या पर्यायात तोपर्यंत तुम्ही साडेसत्तावन्न टक्के, म्हणजे पावणेपंचेचाळीस लाखांच्या थोडं वर भरलेले असाल. दुसऱ्यात ६५ लाख ७० हजार. पाच लाख मिळवायला जवळपास एकवीस लाख जास्तीचे अडकले. टप्प्यांच्या पद्धतीची खरी ताकद इथे आहे : काम थांबलं की तुमचा पैसाही थांबतो, आणि बिल्डरला काम पुढे नेण्याचं कारण उरतं. सगळं आधी देऊन टाकलं की ते कारणच जातं.

सत्तर टक्क्यांच्या खात्याचं काय, असं तुम्ही विचाराल. विक्री कार्यालयात हमखास सांगतात : “मॅडम, तुमचे पैसे रेराच्या खात्यात सुरक्षित आहेत.” हे अर्धंच खरं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचे ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते फक्त त्या प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी काढता येतात. काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सनदी लेखापाल अशी तीन प्रमाणपत्रं लागतात. महारेराने १ जुलै २०२४ पासून ही व्यवस्था आणखी घट्ट केली. आता एकाच बँकेत तीन खाती : ग्राहकाचे पैसे जमा होणारं कलेक्शन खातं, त्यातून ७० टक्के जाणारं सेपरेट खातं आणि ३० टक्के जाणारं ट्रान्झॅक्शन खातं.

पण पैसे काढायचा हिशेब कसा होतो ते समजून घ्या. एकूण अंदाजित खर्चापैकी किती खर्च झाला त्या प्रमाणात रक्कम काढता येते, आणि त्या खर्चात जमिनीची किंमत व प्रकल्पाच्या कर्जावरचं व्याजही धरलं जातं. म्हणजे जमिनीसाठी आधी घातलेले पैसे बिल्डर तुमच्या डाउन पेमेंटमधून, म्हणजे दुसऱ्या पर्यायात आधीच दिलेल्या रकमेतून, नियमात राहूनच सोडवून घेऊ शकतो. सोडवलेली रक्कम त्याची झाली. ती उद्या हिंजवडीच्या दुसऱ्या जमिनीत गेली तर त्याला कोणी अडवत नाही. खात्यामुळे पैसा भलतीकडे वळवणं अवघड होतं, पण तुमचे पैसे तुमच्या नावाने बाजूला ठेवलेले नसतात.

एक व्यावहारिक अडचणही आहे. बांधकाम सुरू असलेल्या घराचं कर्ज बँकेने टप्प्यांप्रमाणेच द्यावं, एकदम देऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची ३ सप्टेंबर २०१३ ची सूचना आहे. त्यामुळे जोत्याच्या टप्प्यावर ९० टक्के भरायचे तर टप्प्यापलीकडचे पैसे तुमच्या खिशातून आणि सासऱ्यांच्या ठेवीतूनच. विक्रीवाला ‘आमची फायनान्स कंपनी सगळं एकदम सोडते’ म्हणाला तर तिथे जास्त सावध व्हा.

तिसरा पर्याय वरवर सगळ्यात सोयीचा. आत्ता १६ लाख १० हजार द्या, बाकीचे ताब्याला. अडीच लाख जास्त गेले तर गेले, असं वाटतं. इथेही गणित करून बघा. पहिल्या पर्यायाच्या तुलनेत बिल्डर तुमचे ५८ लाख सरासरी दोन वर्षं उशिरा घेणार आणि त्याबद्दल अडीच लाख लावणार. म्हणजे वर्षाला जेमतेम दोन टक्के. ज्याला बाहेर पैसा एवढा महाग पडतो तो तुम्हाला दोन टक्क्यांनी उधारी कुठून देईल? तर बहुतेक वेळा तो देतच नाही. तुमच्या नावावर कर्ज मंजूर होतं, वित्त कंपनी ते त्याला देते आणि ताब्यापर्यंतचं व्याज तो भरतो. कर्जदार मात्र तुम्ही. त्याने व्याज भरणं थांबवलं की वसुलीचा फोन तुम्हाला येतो आणि सिबिल तुमचा बिघडतो. दिल्लीजवळ हजारो कुटुंबं अशा योजनांत पोळली, आणि म्हणूनच नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा कर्जांपासून दूर राहायला सांगितलं. याला एकच अपवाद. बिल्डर ताब्यापर्यंत खरोखर कोणाकडूनही तुमच्या नावे पैसे उचलणार नसेल, आणि नोंदणीकृत करारात हप्त्यांच्या जागी ‘२० टक्के करारावेळी, ८० टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर’ एवढंच लिहिलेलं असेल, तुम्ही, बिल्डर आणि वित्त कंपनी असा त्रिपक्षीय करार नसेल, तर हा पर्याय तिघांत सर्वांत सुरक्षित ठरतो. तेव्हा विचारून बघा, पण लेखी.

शेजारचा टॉवर. प्रकल्प पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल आणि त्यात आठपेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही, कलम ३ तसं सांगतं. ‘फक्त इच्छा नोंदवून घेतोय’ हे त्यातून काढलेलं पळवाटीचं नाव. त्या एका लाखाच्या पावतीवर मजला नसतो, दर नसतो, परतीची तारीख नसते. प्रकल्पाचं खातंच नसल्यामुळे पैसे कुठे जातात तेही कळत नाही. मंजुरी बदलली तर तुमचा टू बीएचके आराखड्यातून नाहीसा होऊ शकतो.

आता पहिल्या पर्यायातली तपासणी. सगळ्यात आधी मजला बघा, कारण तुमचा अकरावा आहे. २०२० च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम, १.१ आहे. त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय, टीडीआर, आणि शिवाय राहत्या घरांना ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी (पूरक) एफएसआय. हे सगळं विकत घ्यावं लागतं. पैसा वाचवायला अनेक बिल्डर आधी आठ-नऊ मजल्यांपुरती मंजुरी घेतात, विक्री चौदा मजल्यांची करतात आणि वरचा एफएसआय पैसे आले की चढवतात. पैसे आले नाहीत तर वरचे मजले कागदावरच राहतात. म्हणून महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा मागा, आणि त्यात अकरावा मजला आहे का ते स्वतः डोळ्यांनी बघा. महारेराच्या संकेतस्थळावरही मंजूर एफएसआय आणि ‘प्रस्तावित पण मंजूर नसलेला’ एफएसआय वेगवेगळा दाखवलेला असतो. अकरावा मजला मंजूर नसेल तर एकतर मंजूर मजल्यावर घर घ्या किंवा मंजुरी येईपर्यंत करार थांबवा. यात तडजोड करू नका.

दुसरं, जमीन. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि विकसन करार हे सगळं एखाद्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या वकिलाला नव्हे. शेतजमिनीच्या बाबतीत मुख्य प्रश्न सह्यांचा असतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे. भावांनी सह्या केल्या, बहिणींची हक्कसोडपत्रं घेतली नाहीत, आणि इमारत दहाव्या मजल्यावर गेल्यावर न्यायालयातून मनाई आली, हा या पट्ट्यातला जुना घोळ आहे. महारेराच्या पानावर दाव्यांची माहिती बघा, आणि ई-कोर्टवर जमीनमालक व बिल्डर या दोघांच्याही नावाने शोध घ्या.

जमीनमालकाशी फ्लॅटवाटणीचा करार असेल तर तुमचा फ्लॅट कोणाच्या वाट्याचा ते विचारा. मालकाच्या वाट्याचे फ्लॅट पुष्कळदा बिल्डरच्याच कार्यालयातून विकले जातात, पण पैसे मालकाच्या खात्यात जातात. महारेरा अशा मालकाला सहप्रवर्तक मानते. करारात दोघांच्याही सह्या हव्यात.

तिसरं, गहाण. बांधकाम कर्ज असणं ही काळजीची बाब नाही. उलट एखाद्या मोठ्या बँकेने कर्ज दिलंय म्हणजे कोणीतरी कागद तपासलेत. पण तुमच्या फ्लॅटचा क्रमांक घातलेलं त्या बँकेचं ना-हरकत पत्र करारासोबत हवंच. त्याशिवाय करार केलात तर तुमची बँकही पुढे अडवेल. करार नोंदवल्यानंतर बिल्डर तुमचा फ्लॅट गहाण टाकू शकत नाही, टाकला तरी तुमच्या हक्काला बाधा येत नाही, असं कलम ११ सांगतं. पण आधीचं गहाण मात्र सोडवून घ्यावं लागतं. बिल्डर कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्यावरचे बोजे दिसतात. मालमत्तेवरचं गहाण सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीत दिसतं. थोडी फी पडते, ती देऊन शोध घ्याच.

चौथं, वेग. महारेराच्या पानावर मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही असतात. याच बिल्डरचे आधीचे दोन-तीन प्रकल्प उघडा आणि किती वेळा मुदतवाढ घेतली ते मोजा. तिमाही अहवालात किती फ्लॅट विकले गेले तेही दिसतं. जोत्यापर्यंत येऊनही विक्री दहा-पंधरा टक्क्यांवरच अडकलेली असेल तर वर सांगितलेलं चक्र अडखळलंय असं समजा, आणि मोठ्या सवलतीचं कारणही मग तिथेच सापडतं.

साइटवर महिन्याभरात दोनदा जा, वेगवेगळ्या वारी. मायवान (ॲल्युमिनियमच्या साच्यांच्या) शटरिंगवर एक मजला दहा-बारा दिवसांत होतो, साध्या सेंटरिंगवर तीन-चार आठवडे लागतात. पैसा आटला की पहिली खूण कामगारांच्या संख्येत दिसते. मग आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या येणं कमी होतं, कारण पुरवठादार उधारी थांबवतो, आणि नंतर ठेकेदार बदलतो. स्लॅबवर पाणी मारलं जातंय का ते बघा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय ॲशसारखे घटक मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस ओलावा लागतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या २८ दिवसांच्या चाचणीची वही मागा. दाखवायला कचरणाऱ्या साइटबद्दल मनात खूण करून ठेवा. आणि शेवटचा स्लॅब पडला म्हणजे घर आलं असं समजू नका. त्यानंतरचं काम, तपासण्या आणि अग्निशमन दलाचा दाखला यांत वर्षभर सहज जातं.

तुमचा स्वतःचा हिशेब तंग आहे, तो नीट बघा. ७८ लाखांवर पाच टक्के जीएसटी ३ लाख ९० हजार. मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे ५ लाख ४६ हजार, नोंदणी फी ३० हजार. तुमच्या कर्जाच्या गटात बँक ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ६२ लाख ४० हजार, आणि कर-शुल्क त्यात धरत नाही. घराच्या किमतीतला तुमचा वाटा १५ लाख ६० हजार. एकूण सव्वापंचवीस लाख तुमच्याच हातातून जातात. २७ लाखांतून उरतात पावणेदोन, आणि ताब्याच्या वेळी सोसायटीची वर्गणी, मीटर, आगाऊ देखभाल खर्च येतोच. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ७८ हजार वाचतात. पण मग मालकी आणि आयकराची सवलत दोन्ही एकाच नावावर राहतात, तेव्हा नवऱ्याशी आणि बँकेशी बोलून ठरवा. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा आहे. हे विसरलं की दंड तुम्हाला बसतो.

सासऱ्यांची ठेव यासाठीच राखून ठेवा. ताबा वर्षभर लांबला तर, महिना २४ हजार भाडं धरलं तरी, २ लाख ८८ हजार होतात. शिवाय तोपर्यंत उचललेल्या कर्जाचं व्याज. ५८ लाख उचललेले असतील आणि दर साडेआठ टक्के असेल तर तेच जवळपास पाच लाख. उशिराबद्दल बिल्डरकडून दर महिन्याचं व्याज मागता येतं, स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त दराने. पण आदेश मिळवायला आणि नंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करायला वेळ लागतो. तो काळ काढायला हाताशी ठेव हवी.

किमतीवर घासाघीस जरूर करा. डाउन पेमेंटला पाच लाख सोडणारा बिल्डर टप्प्यांच्या पर्यायातही लाख-दोन लाख सोडू शकतो, विशेषतः तिमाही संपत आली असेल तर. तुमचं कर्ज आधीच मंजूर आहे आणि प्रत्येक डिमांड लेटर (हप्त्याच्या मागणीचं पत्र) ठरल्या दिवसांत भरलं जाईल, हे त्याच्यासाठी रोख रकमेइतकंच मोलाचं असतं. तेच सांगून मागा. मात्र प्रत्येक डिमांड लेटरसोबत त्या टप्प्याचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र घ्या, आणि पैसे फक्त महारेराच्या पानावर नोंदलेल्या कलेक्शन खात्यात भरा, त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या नावे नाही. भोगवटा प्रमाणपत्राआधी ‘इंटिरिअरसाठी चावी घ्या’ म्हणून शेवटचे पाच टक्के मागितले तर देऊ नका.

आज-उद्यात विक्री कार्यालयाला ईमेल करा. त्यात अकराव्या मजल्यासह प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सर्च रिपोर्ट, विकसन करार, तुमच्या फ्लॅटचं बँकेचं ना-हरकत पत्र, कलेक्शन खात्याचा क्रमांक आणि कराराचा मसुदा मागा. महारेराने सक्तीची, बदलता न येणारी ठरवलेली कलमं, म्हणजे कार्पेट क्षेत्र, पाच वर्षांची दोषदायित्वाची मुदत, नैसर्गिक आपत्तीची व्याख्या आणि अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं), मसुद्यात जशीच्या तशी आहेत का ते वकील बघतील. तोंडी उत्तर आलं तर ‘ईमेलवर पाठवा’ एवढंच म्हणा.

तुमच्या अलॉटमेंट लेटरवरची तारीख आत्ता बघा. महारेराच्या नमुना पत्राप्रमाणे त्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० मध्ये दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के कापले जातात. एक टक्का म्हणजे ७८ हजार, तुमच्या टोकनपेक्षा जास्त. तेव्हा चौदाव्या दिवसापर्यंत प्रारंभ प्रमाणपत्र आणि बँकेचं पत्र हाती आलं नाही, तर त्याच दिवशी ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने बुकिंग रद्द करत असल्याचं कळवा, आणि ५१ हजार परत मागा.